एक नंबरचा जोड

१६ जून २०२५, सोमवार

आज धनश्रीनं कारखान्यातल्या नऊही माणसांना एकेक वही वाटली. रोज सुट्टी होताना दोन ओळी लिहायच्या. कुठं वेळ गेला, काय अडलं, काय बदललं तर काम सोपं होईल. बजरंग पेंटर म्हणाला, "ताई, मला लिवायचा लई कटाळा." ती म्हणाली, "मग बोला, मी लिहून घेते." सगळे हसले. माझ्या हातात दोन वह्या एकमेकींना चिकटून आल्या. एक तिच्यासाठी ठेवली. ही माझी. हिच्यात खरं तेच लिहीन.

खरं म्हणजे मला हे पटलेलं नाही. श्रीमंतशेठच्या या शेडमध्ये मी एकतीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या बनवतोय. राहुरीपासून श्रीरामपूरपर्यंत रस्त्यानं जाणारी दर तिसरी ट्रॉली आमची. शेठचं फेब्रुवारीत बायपास झालं, आणि चाकणची नोकरी सोडून त्यांची पोरगी धनश्री आली. हुशार आहे, वाद नाही. सहा वर्षांची असताना शेडमध्ये यायची तेव्हा वेल्डिंगकडे बघू नये म्हणून मीच तिच्या डोळ्यांवर हात धरायचो. आता ती मला विचारते, "काका, एका दांड्याला तुम्हाला नक्की किती मिनिटं लागतात?"

मोजली नाहीत, म्हणालो. तिनं घड्याळ काढलं.

२ जुलै

मान्य करायला पाहिजे. भिंतीवर फळी ठोकून तिनं प्रत्येक हत्याराची आकृती काढली. पाना जागेवर नसला की नुसता आकार दिसतो, आणि घेऊन गेलेल्याला शोधता येतं. पूर्वी ग्राइंडरची चकती शोधण्यात सकाळचा अर्धा तास जायचा. पत्र्याची थप्पी दाराशी होती ती कटिंगजवळ आणली. इतकी वर्षं आम्ही रोज ते पत्रे शेडच्या या टोकाहून त्या टोकाला वाहत होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही.

जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत, चालायची वाट म्हणून. ते मात्र वाकडे आलेत. मधेच पोट काढल्यासारखे. बजरंगला म्हणालो, "पिऊन मारले का रे?" तो पट्ट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, "दोरी धरून मारलेत, मिस्तरी."

दोरीच वाकडी असेल.

१५ जुलै

नवं वेल्डिंग मशीन आलं. रॉड बदलायची कटकट नाही, वायर आपोआप पुढं येते, वर गॅसचं पांघरूण. पुण्याहून एक माणूस दोन दिवस शिकवायला होता. मला तासाभरात जमलं. मी कानानं जोड मारतो. गरम तेलात भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा आवाज यायला लागला की समजायचं, जोड बसतोय. आवाज फुटला की हात चुकला. पुण्याचा माणूस म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही काचेतून बघतच नाही की काय?" मी हसलो.

आणि पंच. आम्हा तीन वेल्डरांना तिनं लोखंडी ठसे दिले. जोड झाला की शेजारी आपला नंबर ठोकायचा, म्हणजे कोणता जोड कुणाचा ते कायम कळेल. मला एक. हनुमंतला दोन. गोरक्षनाथला तीन.

हनुमंतला मीच आणलं. पाथर्डी तालुक्यातला. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला इकडं यायचे, हाही बारावी नापास होऊन कोयता घेऊन आला होता. एकदा ट्रॉली दुरुस्तीला घेऊन आला आणि दिवसभर माझ्याजवळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. बारा वर्षं झाली. आता त्याचा हात माझ्या हातासारखा चालतो. त्याला स्वतःला तो तसा वाटत नाही, ही त्याची चांगली गोष्ट.

घरी बायकोला, भागूबाईला, पंच दाखवला. "एक नंबर," म्हणालो. ती म्हणाली, "तुमी माझ्याशी बोलताना दाराकडं काय बघता वं हल्ली?"

२९ जुलै

आज शोभा झाली. नव्या साच्यात, म्हणजे ट्रॅक्टर ट्रॉलीला ज्यानं ओढतो त्या दांड्याच्या दोन पट्ट्या ज्यात अडकवून जोडायच्या, त्यात पट्टी वाकडी बसते. मी धनश्रीला बोलावून सांगितलं, साचा परत पाठवा. तिनं लांब पोलादी पट्टी लावून बघितली. मग दोरा ताणला. मग मोबाईलच्या उजेडात फट बघितली. फट नाही. "काका, सरळ आहे."

"अगं मधे बाक आहे, दिसत कसा नाही तुला?"

सगळे जमले. गोरक्षनाथनं बघितलं, सरळ. हनुमंतनं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "थोडा हाय बाक. मी ठोकून घेतो." आणि हातोडी घेऊन दोन ठोके मारले. नंतर मला तसाच दिसत होता, पण म्हटलं, जाऊ दे. निदान एकाला तरी दिसला.

८ ऑगस्ट

धनश्रीनं लाल रंगाची तपासणी सुरू केली. जोडावर लाल रंग फवारायचा, पुसायचा, वरून पांढरी पावडर. चीर असली की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पाचातली एक ट्रॉली तपासायची. सगळ्या तपासायला वेळ नाही, हंगामापर्यंत साठ द्यायच्यात. बाकीच्या नुसत्या डोळ्यांनी तपासून सही करायची, आणि ते काम माझं, कारण मी थोरला.

पहिल्याच दिवशी दांड्याचे तीन जोड नापास. तिन्ही एक नंबरचे.

सगळ्यांसमोर नाही, ऑफिसात बोलावून म्हणाली, "काका, जोड दिसायला सुंदर आहे. पण फटीवरून बाजूला सरकलाय. एकाच पट्टीवर बसलाय, दुसरीला धरलंच नाही." मी म्हणालो, पंख्याचा वारा गॅस उडवतो. तिनं पंखा हलवला.

शेडमध्ये पंखा एकटा माझ्याच अंगावर वारा घालतो का, असं गोरक्षनाथ हळूच म्हणाला. मला ऐकू आलं. कान शाबूत आहेत.

१४ ऑगस्ट

डोळे तपासायचं शिबिर. धनश्रीनंच ठेवलं, सगळ्यांना सक्तीचं. नगरहून दोन मुली आल्या होत्या, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मी मुद्दाम शेवटी उभा राहिलो. माझ्याआधी आठ जणांनी तोच तक्ता वाचला. आठ वेळा ऐकल्यावर शाळेतली कवितासुद्धा पाठ होते. माझी पाळी आली तेव्हा शेवटची ओळसुद्धा धडाधडा म्हणून टाकली. मुलगी म्हणाली, "काका, या वयात इतकी चांगली नजर!"

घरी येताना गंमत वाटत होती. वांबोरीच्या फाट्यावर आल्यावर वाटेनाशी झाली. मी असं का केलं? चष्मा लागला असता, एवढंच ना. पण एकदा चष्मा म्हणाले की मग वय म्हणतील, मग म्हणतील मिस्तरी, आता बसा. बसून काय करू? शेती भावाकडं आहे. मला दुसरं काही येत नाही.

वहीच्या रेघा या वर्षी फार पुसट छापल्यात. घरी आल्या आल्या, उजेड आहे तोवर, ओट्यावर बसून लिहितो.

२ सप्टेंबर

गेले सोळा दिवस एकही जोड नापास नाही! दाराजवळच्या पांढऱ्या फळ्यावर धनश्री रोज आकडा लिहिते. शून्य, शून्य, शून्य. आज तिनं पेढे आणले. शेठ पहिल्यांदा शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "आसाराम, पोरीनं करून दाखवलं." धनश्री म्हणाली, "काकांनी केलं." दिवसाला एक ट्रॉली निघायची तिथं आता दीड निघते, आणि संध्याकाळी सहाला सगळे घरी.

मी म्हणतच होतो, पंख्याचा दोष होता.

हनुमंत पेढा न घेताच पाणी प्यायला गेला. अलीकडे तो थकलेला दिसतो. जेवणाच्या सुट्टीत आमच्यात बसत नाही.

११ सप्टेंबर

एक गोष्ट खटकली. बत्तीस नंबरच्या ट्रॉलीच्या दांड्यावरून बोट फिरवलं. जोड मी कालच मारलेला. माझ्या जोडाची वीण मला बोटाला कळते. ही माझी नाही. शेजारी ग्राइंडर फिरल्याची खरखर. ठसा मात्र माझा. एक.

एकतिसाव्या ट्रॉलीवर तसंच.

कुणीतरी माझ्या जोडांना हात लावतंय.

१७ सप्टेंबर

आज पकडलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली बसले होते, मी मागच्या दारानं आत आलो. हनुमंत माझ्या ट्रॉलीखाली वाकून माझा जोड घासून काढत होता. ठिणग्या उडत होत्या. मी "हनुमंत!" म्हणून ओरडलो तर त्यानं ग्राइंडर बंद करून खाली ठेवला. पळाला नाही.

"काय करतोयस?"

"काय न्हाई, मिस्तरी."

"माझा जोड खराब करतोस? ऑगस्टमध्ये तूच केलेस ना नापास? तुला एक नंबर पाहिजे का? मागायचा होता!"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड मला नीट दिसलं नाही, मागून उजेड होता. म्हणाला, "तुमाला तसं वाटतंय का?"

"डोळ्यांनी बघितलं मी."

त्यानं ग्राइंडर उचलून फळीवर त्याच्या जागी टांगला.

बारा वर्षं. भागूबाईनं त्याच्या लग्नात वरमाईसारखी लुगडी वाटली होती.

१८ सप्टेंबर

धनश्रीकडे तक्रार केली. तिनं दोघांना समोर बसवलं. तिचा नियम स्पष्ट आहे, जोडावर ज्याचा नंबर, त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, लावला तर नोंद करायची. तिनं हनुमंतला विचारलं, "तू काकांच्या जोडांवर काम केलंस?"

"केलं."

"किती दिवस?"

"श्रावणापासनं."

"का?"

तिनं परत विचारलं. मग म्हणाला, "ताई, तेवढं इचारू नका. माझं चुकलं म्हना." ती म्हणाली, "हनुमंत, कारण सांगितलंस तर मार्ग निघेल. नाहीतर माझा सगळा हिशोब खोटा ठरतो, कोणता जोड कुणाचा हेच कळणार नाही." त्यानं खिशातून दोन नंबरचा ठसा काढून टेबलावर ठेवला. जाताना माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "मिस्तरी, दांड्याचं काम गोरक्षनाथला द्या. तुमी फाळके मारा." फाळके म्हणजे ट्रॉलीच्या कडेचे पत्रे, नवख्याचं काम. जाता जाताही मला खाली बसवायचं होतं त्याला.

जिंकल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. भाकरी गेली नाही.

२६ सप्टेंबर

आठ दिवसांत तपासलेल्या तिन्ही ट्रॉल्या नापास. तिन्हींचे दांडे. धनश्रीनं फळ्यावर आकडा लिहिला आणि लगेच पुसला.

मी वायरचं रीळ बदललं. काच बदलली, आणखी फिकी लावली. जोड मारताना फट असते त्याच जागी एक राखाडी डाग येतो, धुरासारखा. मान जरा वाकडी केली की डाग बाजूला सरकतो आणि फट दिसते, पण मग हात कुठं आहे ते दिसत नाही. धूर ओढणारा पंखा बसवायला पाहिजे, असं तिच्या वहीत लिहिलं.

३० सप्टेंबर

हे जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

सकाळी धनश्री आली. म्हणाली, "काका, हनुमंत गेल्यापासून चौदा ट्रॉल्या झाल्या. तीन तपासल्या, तिन्ही फुटक्या निघाल्या, त्या आपण दुरुस्त केल्या. पण अकरा न तपासता गेल्यात. तुमच्या सहीवर गेल्यात. मला त्या परत बोलवाव्याशा वाटतात."

शेठ तिथंच होते. म्हणाले, "हंगामाच्या तोंडावर? गावभर बोभाटा होईल."

ती शेठकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. "काका, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते करते."

मी म्हणालो, "त्या तीन खराब रिळातल्या होत्या. बाकीच्या दुसऱ्या रिळातल्या. माझ्या हातचे जोड आहेत, धनू. काही होत नाही."

रीळ दुसरं होतं की नाही, मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण बोलताना आवाज अगदी ठाम निघाला.

ती म्हणाली, "बरं."

२ ऑक्टोबर

दसरा. यंत्रांची पूजा. गोरक्षनाथनं नारळ फोडला, दरवर्षी मी फोडतो. उद्यापासून दांडे त्याच्याकडे, मला फाळके. धनश्रीनं फार हळू आवाजात सांगितलं. हनुमंत म्हणाला होता तेच.

६ नोव्हेंबर

लिहावंसं वाटलं नाही महिनाभर. आज लिहायलाच पाहिजे.

काल सकाळी पाथर्डीकडून ऊसतोडीची टोळी घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली चढावर दांड्यापासून तुटली. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, पाच माणसं. ती उलट घरंगळली आणि रस्त्याकडेच्या चारीत कलंडली. चौघांना खरचटलं. एका बाईचा पाय खाली सापडला.

ट्रॉली आमची आहे. बेचाळीस नंबर.

७ नोव्हेंबर

धनश्री स्वतः जाऊन तो तुटका दांडा घेऊन आली. पोलिसांना तिनं आधीच सांगितलं, माल आमचा, चूक आमची. शेठ ओरडले तिच्यावर, तिनं ऐकलं नाही. ऑफिसच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तो तुकडा ठेवला आणि मला म्हणाली, "बघा."

मी बघितलं. मला लोखंड दिसलं, कडेकडेचं. मधे तोच राखाडी डाग. इथं धूर नव्हता. कुणी जोड मारत नव्हतं.

मी हात लावला. जोडाची वीण बोटाखाली आली, एकसारखी, सुरेख, माझी. आणि ती सगळीच्या सगळी एका पट्टीवर होती. दुसऱ्या पट्टीची कड गुळगुळीत. तिला काही लागलंच नव्हतं. शेजारी ठसा. बोटाला कळला.

"काका," ती म्हणाली, "माझ्या हातात किती बोटं आहेत?"

मला तिचा हातच सापडेना.

१२ नोव्हेंबर

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. धनश्री आणि भागूबाई बरोबर. चौकटींचा एक कागद दाखवला, आडव्याउभ्या रेघांचा. रेघा मधे वितळल्यासारख्या, आणि मधोमध भोक. डॉक्टरांना सांगितलं तसं. ते म्हणाले, रेघा सरळच आहेत.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. उजव्याचा पुरता, डाव्याचा निम्मा. वयानं झालं की आर्कमुळं, नक्की सांगता येत नाही म्हणाले. "तीन-चार महिने आधी आला असता तर इंजेक्शनं देऊन बरंच राखता आलं असतं. आता उजव्याचं काही होणार नाही. मध्ये कधी तपासले नव्हते का?"

धनश्री म्हणाली, "ऑगस्टमध्ये शिबिर घेतलं होतं. त्यात यांचे चांगले निघाले होते."

मी सांगितलं मग. तक्ता ऐकून पाठ केला होता. भागूबाई तिथंच रडायला लागली. धनश्री रडली नाही. ती बाहेर जाऊन बाकावर बसली.

परत येताना गाडीत एकच बोलली. "ते सोळा दिवस शून्य आले, तेव्हा मला वाटलं माझी पद्धत चालली." मग थोड्या वेळानं, "हनुमंत करत होता ना ते?"

माझ्या डोक्यात ते त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं. तिनं म्हणेपर्यंत आलं नव्हतं. एवढा मी मूर्ख.

१५ नोव्हेंबर

बाकीच्या दहा ट्रॉल्या तिनं फिरून, साखर कारखान्यांच्या रांगेतून बाहेर काढून परत आणल्या. दहातल्या सहा तशाच. आता प्रत्येक दांड्याची तपासणी होते. कुणाचीही सही चालत नाही.

हे लिहिताना अक्षर बोटभर मोठं काढतोय. पानात आठ ओळी मावतात.

२० नोव्हेंबर

बजरंगच्या मोटरसायकलवर मागं बसून हनुमंतच्या गावाकडं गेलो. फाट्यावर एका छपरात तो खिडक्यांचे गज जोडतो. मला बघून मशीन बंद केलं, खुर्ची पुसली, चहा सांगितला. बजरंग बाहेर थांबला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"मागल्या सालच्या दिवाळीपासनं. माझ्याशी बोलताना तुमी माझ्या खांद्याकडं बघायला लागले."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू, मिस्तरी? तुमाला घरी बसा म्हनू, माझ्या तोंडानं?"

मी माफी मागायला गेलो होतो. शब्द जुळवून ठेवले होते. त्याऐवजी नुसता त्याचा हात धरून बसलो. त्यानं सोडवला नाही. मग तोच बोलायला लागला.

"तुमच्यावर राग न्हाई. लई दिवस हुता, आता न्हाई. ताईंनी इचारलं तवा मी सांगायला पायजे हुतं. मी झाकलं. रोज सुट्टीत झाकलं. त्या फळ्यावर शून्य लिवायच्या, आन मला वाटायचं, बरं चाललंय, मिस्तरींचं बी ऱ्हातंय आन काम बी चांगलं जातंय. आन मग तुमी चोर म्हनले तर मला बी ताठा आला. म्हनलं, जाऊ दे, कळंल आपोआप." त्यानं चहाचा कप बाजूला सारला. "कळलं ना. बाईचा पाय गेला तवा कळलं. मी काय लहान हुतो का? आमचे आईबाप त्याच ट्रॉलीत बसून यायचे."

"परत चल," मी म्हणालो. "धनश्रीनं निरोप दिलाय. दांड्यांचं सगळं काम तुझ्याकडं."

"न्हाई. आता ट्रॉलीला हात लावायला नको वाटतं. हे बरंय. खिडकीचा गज निघाला तर कोन मरत न्हाई."

पुष्कळ समजावलं. तो "न्हाई" एवढंच म्हणत राहिला. चहा गार झाला. निघताना त्यानं मला बजरंगच्या गाडीपर्यंत दंडाला धरून आणलं, आणि पाय ठेवायची जागा माझा पाय धरून दाखवली.

बारा वर्षांत मी त्याला हाताचं सगळं शिकवलं, आणि ते आता गजांवर चाललंय.

४ डिसेंबर

त्या बाईला बघायला नगरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. धनश्री दोनदा जाऊन आली आहे तिथं, औषधांचं ती बघते. मी आज एकटा वॉर्डात गेलो, तिला बाहेर थांब म्हणालो.

बाईचं नाव कडूबाई. वय चाळीसच्या आत-बाहेर असेल, आवाजावरून. गुडघ्याखाली पाय काढलाय. नवरा टोळीबरोबर फडावर आहे, हंगामाचे आगाऊ पैसे, उचल, घेतलेली असल्यानं त्याला थांबता आलं नाही. ती एकटीच होती.

"कोन हाव तुमी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "ती ट्रॉली जोडणारा. दांड्याचा जोड माझा होता."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्यासाठीच उभा होतो. द्यायला पाहिजे होत्या तिनं.

"मुद्दाम केलं का?"

"नाही. मला दिसत नव्हतं. दिसत नाही हे मी लपवलं. ट्रॉल्या परत बोलवायच्या का म्हणून विचारलं होतं मला, मी नको म्हणालो."

तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "आता काय काम करता?"

"काही नाही."

"मी बी काहीच न्हाई," ती म्हणाली. "कोयता एकट्याचा चालत न्हाई. जोडी लागती. मालक म्हनतो, पुढच्या साली पोरीला संगं नेतो. नववीत हाय ती."

धनश्रीला सांगीन, पोरीच्या शाळेचं बघ म्हणून. ती बघेलही. पण कडूबाईला ते त्या वेळी म्हणायची माझी हिंमत झाली नाही. कुठल्या तोंडानं शब्द देऊ?

तिनं पाणी मागितलं. खाटेशेजारी बाटली होती, पेला होता. मी बाटली उघडून ओतायला लागलो. पाण्याचा आवाज पेल्यात पडल्यासारखा येईना. ते टेबलावर सांडत होतं, तिथून माझ्या चपलेवर.

"थांबा, थांबा," ती म्हणाली. उशीवरून उठून, एका कोपरावर भार देऊन तिनं बाटली माझ्या हातातून घेतली. कण्हली. स्वतः पेला भरला. मग तो माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्याभोवती दाबून बसवली.

"आधी तुमी प्या," म्हणाली. "लई लांबनं आला."

मी प्यालो.